बासमधली गुणगुण, झिरझिर आणि खरखर: नेमकं काय कुठून येतंय?

खर्जातला_नवखा (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे. दोन महिन्यांपूर्वी एक वापरलेला बास गिटार घेतला. चार तारा (ई, ए, डी, जी), आत बॅटरी-बिटरी काही नाही, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेची थरथर विजेत बदलणारी, एकेरी गुंडाळीची चुंबकं), प्रत्येकाला एक व्हॉल्यूम आणि दोघांत मिळून एक टोन. म्हणजे फेंडरच्या जॅझ बासच्या घराण्यातला. वाजतो गोड, पण त्याच्याबरोबर बरंच काही फुकटात आलंय.

नुसता गळ्यात अडकवला तरी ॲम्पमधून गुणगुण सुरू. तारांना हात लावला की कमी होते, हात काढला की परत. ए तार मोकळी छेडली की मागून 'झिर्रर्र' येतं, तारेला कुणी कागद टेकवल्यासारखं. व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना खरखर होते. आणि मधूनच, मी जरा वळलो की 'फट्' करून आवाज जातो आणि येतो.

एक मित्र म्हणाला नेक (बासची मान) वाकलीय. दुसरा म्हणाला पिकअप बदल. तिसरा म्हणाला विकून टाक. स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन बसलोय, पण सुरुवात कुठून करू?

मधली_तार

ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) अर्धा फेरा सैल करा. झिर्र जाईल. माझी गेली.

सोल्डरचा_धूर

थांबा, थांबा. धागाकर्ते, तो स्क्रू ड्रायव्हर आधी खाली ठेवा.

मधली_तार, राग मानू नका, पण काहीही न मोजता 'अर्धा फेरा' हा सल्ला धोक्याचा आहे. ट्रस रॉड फिरवायचाच असेल तर एका वेळी पाव फेरा, मग तार पुन्हा सुरात आणायची, लाकडाला बसायला वेळ द्यायचा, परत मोजायचं. आणि तेही मोजमाप तसं सांगत असेल तरच. अडकलेला रॉड जोर लावून फिरवला की तुटतो, आणि तो तुटला की ते काम घरचं राहत नाही.

तुमच्याकडे चार वेगळे आवाज आहेत. त्यांची एकच मोट बांधू नका. पहिली चाचणी फुकट आहे: ॲम्प बंद करा, केबल काढा, बास मांडीवर घ्या आणि त्याच्या वरच्या शिंगावर कान टेकवून वाजवा. दात टेकवले तर आणखी स्पष्ट ऐकू येतं (हसू नका, आम्ही सगळे करतो, कुणी बघत नसताना). वीज नसताना जो आवाज येतो तो लाकूड, तार, पितळ, स्क्रू यांचा. वीज आल्यावरच जो येतो तो तांब्याच्या तारेचा. एवढी वाटणी झाली की निम्मा धागा संपला.

ओहमशांती

+१. गुणगुणीवर मी सविस्तर लिहितो, तो माझा आवडता शत्रू आहे.

आधी ती कशी ऐकू येते ते बघा. मऊ, खोल, एकसुरी 'हंऽऽऽ' असेल तर ती चुंबकीय: जवळपासच्या ट्रान्सफॉर्मरची किंवा मोटरची पिकअपच्या गुंडाळीत शिरलेली. कोरडी, चिरकी, वाळू चाळल्यासारखी 'झंऽऽऽ' असेल तर डिमर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मॉनिटर, चार्जर असली मंडळी. दोन्हींवर इलाज वेगळा. तांब्याची फॉइल लावून बासच्या पोकळ्या मढवल्या की दुसरी खूपच कमी होते. पहिलीला त्या फॉइलची फारशी फिकीर नसते, ती आरपार येते. लोक दोन दिवस खपून शिल्डिंग करतात आणि मग 'काही फरक नाही' म्हणून वैतागतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतो हे चांगलं लक्षण आहे, घाबरू नका. तुमचं शरीर म्हणजे एक मोठी अँटेना. तारा ब्रिजला (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो धातूचा भाग) टेकलेल्या, ब्रिजखालून एक वायर ग्राउंडला गेलेली. तुम्ही तार धरली की अँटेना ग्राउंड झाली. म्हणजे ती वायर शाबूत आहे. तारांना हात लावून काहीच फरक पडत नाही पण जॅकच्या धातूला लावल्यावर पडतो, असं असेल तर ब्रिजची वायर सुटली आहे असं समजा. मल्टीमीटरचं एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या भागाला लावा. एखाद-दोन ओहमच्या वर दिसायला नको. आणि हात लावल्यावर आवाज *वाढत* असेल तर कुणीतरी जॅकवरच्या दोन वायरी उलट्या सोल्डर केल्यात.

आता तुमच्यासाठी खास प्रश्न. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना गुणगुण किती, आणि एक बंद करून दुसरा उघडा ठेवला तर किती? आणि दोन्ही शून्यावर आणले तर? तिन्ही करून सांगा.

खर्जातला_नवखा

बापरे, इतक्या लवकर इतकं! संध्याकाळी सगळं करून सांगतो.

तानपुऱ्याचा_कान

झिर्र फक्त मोकळ्या तारेवर आहे म्हणता, तर मला नटचा (नेकच्या टोकाशी तारांसाठी खाचा असलेली पट्टी) संशय येतो. तानपुऱ्याची जवारी आठवा. घोडीचा माथा सपाट, किंचित उताराचा, तार त्यावर घासत घासत सुटते, म्हणून तो झंकार. तिथे तो मुद्दाम काढतात. बासच्या नटची खाच झिजून तिचा तळ असाच सपाट झाला की तीच जवारी नको तिथे लागते. खाचेचा उतार हेडस्टॉकच्या बाजूला हवा, म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवरच स्वच्छ सुटते.

चाचणी सोपी: तीच तार पहिल्या फ्रेटवर (नेकवरची आडवी धातूची पट्टी) दाबून वाजवा. झिर्र गेली तर नट.

खर्जातला_नवखा

झालं. निकाल ऐका.

ओहमशांती, तुम्ही जादूगार आहात. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे: शांत! अगदी कान लावला तर थोडी सळसळ. एक जरा मागे घेतला की गुणगुण हळूहळू उगवते, आणि एकच उघडा असताना सगळ्यात जास्त. दोन्ही शून्यावर: काहीच नाही. आणखी एक गंमत दिसली. खुर्चीवर बसून गोल फिरलो तर एका दिशेला ती जवळजवळ नाहीशी होते.

ॲम्प बंद करून ऐकलं. झिर्र तिथेही आहे, म्हणजे लाकूड-लोखंडाची बाजू. पहिल्या फ्रेटवर ए तार दाबली तर झिर्र बरीच कमी झाली. मग नटच ना?

ओहमशांती

जादू १९५७ सालची आहे, माझी नाही. फेंडरचा प्रिसिजन बास १९५१ मध्ये आला तेव्हा त्याला एकच सिंगल कॉइल होती आणि तीही अशीच गुणगुणायची. १९५७ मध्ये तिचे दोन तुकडे केले: ई-ए एकावर, डी-जी दुसऱ्यावर, एकाची गुंडाळी आणि चुंबक दोन्ही दुसऱ्याच्या उलट. तारेचा आवाज दोन्हींतून एकाच दिशेने येतो, बाहेरची गुणगुण उलटसुलट येऊन एकमेकींना खाते. १९६० च्या जॅझ बासमध्ये हेच काम दोन स्वतंत्र पिकअप मिळून करतात, पण दोघांचा जोर सारखा असेल तेव्हाच. एकाला मागे घेतलंत की दुसऱ्याची गुणगुण खायला कुणी उरत नाही.

म्हणजे तुमच्या बासला हा रोग नाही, हा त्याचा स्वभाव आहे. दोन्ही पूर्ण उघडे ठेवा. एकट्या मागच्या पिकअपचा आवाज आवडत असेल तर ज्या दिशेला गुणगुण मरते तिकडे तोंड करून बसा, ट्रान्सफॉर्मरवाल्या वस्तूंपासून दोन पावलं लांब. नाहीच भागलं तर आत दोन थरांच्या गुंडाळीचे, गुणगुण कापणारे पिकअप त्याच मापात मिळतात. पण आवाजाचा पोत थोडा बदलतो, तेव्हा तो शेवटचा उपाय.

लॅपटॉपवर_रेकॉर्डिंग

माझीही अशीच तक्रार होती, फक्त रेकॉर्ड करताना. ॲम्पवर शांत, ऑडिओ इंटरफेसमध्ये मात्र बारीक किणकिण, आणि माऊस हलवला की तिचा सूर बदलायचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला आणि किणकिण गायब. ग्राउंड लूप होता म्हणे.

सोल्डरचा_धूर

बरोबर. दोन वेगळ्या मार्गांनी ग्राउंड मिळालं की त्या वळशात हे सगळं फिरत राहतं. सगळी उपकरणं विजेच्या एकाच पट्टीवर लावून बघायची, नाहीतर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर/इंटरफेस यांच्यामधली जोडणीची डबी) टाकून त्याचा ग्राउंड लिफ्ट दाबायचा.

आणि इथेच ओरडून सांगतो, कारण कुणीतरी हा 'उपाय' सुचवतंच: ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका, तिच्यावर टेप लावू नका. गुणगुण जाईल. पण तुमच्या हाताखालच्या तारा ब्रिजमार्गे ॲम्पच्या चासीला जोडलेल्या असतात. आत काही बिघडून चासीवर वीज आली, तुम्ही तारा धरल्यात आणि ओठ माइकला लागले, तर मग धागा काढायला तुम्ही नसाल.

खर्जातला_नवखा

नोंद घेतली. आता नटचं काय? घासू का?

सोल्डरचा_धूर

नाही! नटची खाच खोल करणं सोपं, परत भरणं त्रासाचं. आणखी दोन गोष्टी बघा. एक, ई तार पाचव्या फ्रेटवर दाबून वाजवा. तोच सूर, ए, पण नटचा काही संबंध नाही. दोन, नेक मोजा. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथे, साधारण सतराव्यावर, एकाच वेळी दाबा. तार आता पट्टीसारखी सरळ आहे. सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेखाली किती फट आहे? ०.३ ते ०.४ मिमी ठीक. फीलर गेज नसेल तर छपाईचे साधे तीन-चार कागद एकावर एक धरा, तेवढीच जाडी होते. बँकेचं कार्ड ०.७६ मिमीचं असतं. ते सैलसर आत गेलं तर नेक जास्त वाकलीय, आणि कागदही जात नसेल तर ती सपाट किंवा उलटी वाकलीय.

मधली_तार

राग मानला नाही :) पण माझी केस खरंच तशी होती. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच घरघर, वर स्वच्छ. हवा बदलली तेव्हापासून.

सोल्डरचा_धूर

मग तुमचं निदान योग्यच होतं. खालच्या फ्रेटवर घरघर म्हणजे नेक फार सरळ झाली, सैल केल्यावर जाणारच. फक्त वरच्या फ्रेटवर असेल तर सॅडलची (ब्रिजवर प्रत्येक तारेखाली असणारा टेकू) उंची किंवा नेकच्या टोकाचा चढ बघायचा. आणि एकाच फ्रेटवर, एकाच जागी असेल तर तिच्या पुढची फ्रेट वर आलेली असते. पण नवखा यांची झिर्र यापैकी कशातच बसेना, म्हणून थांबवलं.

खर्जातला_नवखा

ई पाचव्या फ्रेटवर: झिर्रर्र! अगदी तशीच. चौथ्यावर नाही. सहाव्यावर किंचित. नेकमध्ये तीन कागद जातात, चौथा अडकतो.

तानपुऱ्याचा_कान

मग नट सुटला, माझा अंदाज चुकला. तार बदलली तरी सूर तोच आणि झिर्र तीच, म्हणजे तारेचा दोषच नाही. बासवरचा एखादा सुटा भाग ५५ हर्ट्झच्या आसपास, किंवा त्याच्या एखाद्या स्वरांशावर, सतारीतल्या तरबाच्या तारेसारखा आपोआप हलतोय. पहिल्या फ्रेटवर दाबल्यावर कमी झाली ती नटमुळे नव्हे, सूर अर्ध्या स्वराने सरकला म्हणून.

सोल्डरचा_धूर

अगदी. आता एका हाताने ई तार पाचव्या फ्रेटवर दाबून कुणाला तरी ती छेडायला सांगा, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने एकेक भाग दाबत जा. ट्यूनरच्या खुंट्या, त्यांच्याभोवतीच्या बुशिंगच्या रिंगा (या नेहमी सैल असतात), हेडस्टॉकवर तारा खाली दाबून धरणारी क्लिप, पिकगार्डचे स्क्रू, नॉब, पिकअपखालच्या स्प्रिंगा, ब्रिज. नटच्या पलीकडे, हेडस्टॉकवर उरलेले तारांचे तुकडेही झंकारतात, त्यांच्यावर कापडाची पट्टी गुंडाळून बघा. ज्याच्यावर बोट ठेवल्यावर झिर्र मरेल तो चोर.

खर्जातला_नवखा

सापडला!!!

बहिणीला तार छेडायला बसवलं, मी बोट फिरवत गेलो. ट्यूनर नाही, क्लिप नाही, नॉब नाही. ब्रिजवर बोट आलं, जी तारेच्या सॅडलला नख लागलं आणि एकदम शांतता. जी तार! जिला मी हातही लावला नव्हता! टॉर्च लावून पाहिलं. सॅडलला उंचीसाठी दोन बारीक स्क्रू असतात, त्यातला एक खालच्या पत्र्याला टेकलेलाच नव्हता. खाली केसभर फट. ॲलन कीने जेमतेम पाव फेरा दिला, टेकल्याचं बोटांना जाणवलं. ए तार छेडली. स्वच्छ. परत छेडली. बहीण म्हणाली, 'एवढ्यासाठी मला अर्धा तास बसवलंस?'

सोल्डरचा_धूर

अभिनंदन! तो स्क्रू पुन्हा सैल होईल. आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब लावून ठेवा, धरून राहतो आणि हवा तेव्हा फिरतोही. आता बहिणीकडेच मागा.

ओहमशांती

खरखर राहिली ना? नॉब फिरवतानाच होणारी खरखर म्हणजे पॉटच्या (नॉबखालचा, आवाज कमीजास्त करणारा भाग) कार्बनपट्टीवरची धूळ. प्लेट उघडा, पॉटच्या कडेला जी फट असते तिच्यात काँटॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा, आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. गंज सोडवणारा साधा तेलकट स्प्रे नको, तो नंतर धूळच धरतो. तरीही नाही गेली तर पॉट बदला.

'फट्' मात्र वेगळं आहे. वळल्यावर होतं म्हणालात. केबल दुसरी लावून बघा. तरीही झालं तर जॅक. जॅकचं नट सैल झालं की लोक बाहेरून पान्याने आवळतात, आत अख्खा जॅक गोल फिरतो आणि वायर पिळून सोल्डर तुटतं. आवळताना आतून जॅक बोटांनी धरा. आत जी वाकडी पट्टी प्लगच्या टोकाला चिकटते ती ढिली असेल तर हलकेच आत दाबा.

अ‍ॅक्टिव्हवाला

ज्यांच्या बासमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी आहे त्यांच्यासाठी: मोठ्या सुरांवर फाटल्यासारखा आवाज आला की आधी बॅटरी बघा, मग बाकी सगळं. आणि वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा. बहुतेकांत केबल घातली की बॅटरी चालू होते, तुम्ही वाजवा अथवा झोपा. माझ्या तीन बॅटऱ्या अशाच गेल्या.

बोटांची_कुरकुर

एक भाबडा प्रश्न. माझ्या बासवर नेकवरून हात सरकवला की चीं-चीं होतं. तेही दुरुस्त होतं का?

तानपुऱ्याचा_कान

ते बासचं नाही, बोटांचं. राउंडवाउंड तारांच्या वेढ्यांवरून कातडी घासते. नवीन तारांवर जास्त, जुन्यांवर कमी, फ्लॅटवाउंडवर (चपट्या वेढ्यांच्या तारांवर) जवळजवळ नाही. तारा बदलण्याआधी हात उचलून सरकवायची सवय करा. आणि न वाजणाऱ्या तारा दोन्ही हातांनी हलकेच दाबून ठेवायची. निम्म्या लोकांची 'बासमधली गुणगुण' ही खरं तर मोकळ्या सुटलेल्या ई तारेची असते.

खर्जातला_नवखा

जॅकच होता. ग्राउंडची वायर दोन धाग्यांवर लटकत होती. पुन्हा सोल्डर केली (पहिल्यांदाच आयुष्यात, दिसायला भयानक, चालते). पॉट साफ. फट् बंद, खरखर बंद.

पण आता सगळं शांत झाल्यावर एक नवीनच ऐकू यायला लागलंय. ई तार, तिसरा फ्रेट, जी. ॲम्पवर वाजवलं की काहीतरी थरथरतं. ॲम्प बंद असताना मुळीच नाही.

ओहमशांती

हे मजेशीर आहे. तो जी ४९ हर्ट्झचा. तुमच्याकडची वीज ५० हर्ट्झची असेल तर थोडी गुणगुण आणि तो सूर मिळून सेकंदाला एकदा 'वँव… वँव…' असं डोलतील. एक पिकअप मागे घेतलाय का? (वीज ६० हर्ट्झची असेल तिथे हाच प्रकार बी फ्लॅट आणि बी या सुरांवर होतो.)

खर्जातला_नवखा

दोन्ही पूर्ण उघडे. आणि वँव-वँव नाही हो, 'टर्रर्र' आहे. पत्र्यासारखं.

सोल्डरचा_धूर

हेडफोन लावून वाजवा. टर्रर्र आहे का?

खर्जातला_नवखा

हेडफोनमध्ये नाही.

सोल्डरचा_धूर

मग बास निर्दोष, पिकअप निर्दोष, केबल निर्दोष. उरले स्पीकर आणि खोली. तोच सूर वाजवत ठेवायला बहिणीला बसवा आणि तुम्ही खोलीत फिरा. स्पीकरची जाळी दाबा, ॲम्पचं हँडल धरा, खिडकीच्या काचेवर हात ठेवा, कपाटाची दारं, भिंतीवरची फ्रेम.

खर्जातला_नवखा

बहीण आता पैसे मागतेय.

जाळी नाही, हँडल नाही, खिडकी नाही. ॲम्पवर एक पत्र्याचा डबा ठेवलाय. त्यात ॲलन कीज, पेचकस आणि उरलेले स्क्रू आहेत, गेले चार दिवस तुम्ही सांगाल ते करायला वापरतोय तेच. उचलला आणि टर्रर्र गेली.